कॅमेऱ्याच्या मागची जागा

फोटोत यायचं नसेल तर काय करायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. फोटो काढणाऱ्याच्या मागे जाऊन उभं राहायचं. लग्नात, जत्रेत, गडावर, सगळीकडे हा नियम चालतो. त्याला शब्द लागत नाहीत, वाद होत नाही. ‘मला यात धरू नका’ असं सांगायची ही सगळ्यात सभ्य रीत आहे आणि समोरचाही ती न बोलता पाळतो.

गोलाकार पॅनोरामा ही रीतच मोडीत काढतो. तो फोटो तुम्ही मोबाईलवर पाहिला असेल: बोटानं फिरवला की डावीकडे, उजवीकडे, वर आभाळात, खाली पायाशी, सगळं दिसतं. त्याला कड नाही, म्हणून त्याला बाहेरही नाही. कॅमेऱ्याला पाठच उरत नाही.

गेले काही महिने मी अकोले तालुक्यात असे फोटो काढायला शिकतोय. कृती थोडक्यात सांगतो, कारण पुढचा प्रश्न तिच्यातूनच निघतो.

कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या साध्या लेन्सनं, कॅमेरा उभा धरून, १८ मिलिमीटरवर तीन रांगा काढाव्या लागतात: एक क्षितिजाच्या रेषेत, एक वर, एक खाली. प्रत्येक रांगेत १२ फोटो. शिवाय एक डोक्यावरचा, एक पायाखालचा. एकूण ३८. शेजारच्या दोन फोटोंत साधारण तिसरा हिस्सा सामाईक हवा. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स एकदाच ठरवून पक्के करायचे, नाहीतर आभाळाला ठिगळं लावल्यासारखी दिसतात. आणि कॅमेरा लेन्समधल्या एका ठरावीक बिंदूभोवतीच फिरवायचा. नाकासमोर बोट धरा आणि आलटूनपालटून एकेक डोळा मिटा. बोट मागच्या भिंतीवर सरकताना दिसेल. बिंदू हुकला की फोटोतही असंच होतं. कोकणकड्यावर ते फारसं जाणवत नाही, कारण तिथं बहुतेक सगळंच दूर असतं. रतनवाडीच्या अमृतेश्वर मंदिराच्या मंडपात मात्र खांब हाताच्या अंतरावर असतात. तिथं थोडं जरी हुकलं तरी नक्षी तुटते.

पुढचं काम ‘हगिन’सारखं मोफत सॉफ्टवेअर करतं. ते फोटोंमधल्या सारख्या खुणा शोधतं, त्यांवरून फोटो एकमेकांना शिवतं आणि उंचीच्या दुप्पट रुंदीचं एक सपाट चित्र देतं. पृथ्वीचा गोल भिंतीवरच्या नकाशात पसरावा, तसं.

पण ३८ फोटो काढायला पाच-सात मिनिटं लागतात आणि तेवढ्या वेळात माणसं थांबून राहत नाहीत. शिवणीवर आलेला माणूस अर्धा कापला जातो. कॅमेरा फिरतोय त्याच दिशेनं चालणारा दोनदा उमटतो. मग हगिनमध्ये मास्क लावायचा: लाल म्हणजे हे नको, हिरवा म्हणजे हे ठेव. म्हणजे ‘यात सगळं आहे’ असं सांगणाऱ्या चित्रात कोण राहणार आणि कोण पुसलं जाणार, हे संगणकासमोर बसलेला एकटा माणूस ठरवतो.

शेवटी उरतो तो पायाखालचा फोटो. त्यात ट्रायपॉडचे पाय असतात, काढणाऱ्याचे बूट असतात, सावली असते. ते झाकून टाकायची पद्धत आहे. ट्रायपॉड बाजूला घेऊन तेवढ्याच जमिनीचा वेगळा फोटो काढायचा आणि वर चिकटवायचा. चित्र स्वच्छ होतं, जणू तिथं कुणी नव्हतंच.

मला खटकतं ते इथं. या फोटोत आसपासचा प्रत्येक जण सापडतो. निसटतो तो एकटा काढणारा.

हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत हे फार स्पष्ट दिसतं. मधोमध मोठं शिवलिंग, भोवती कमरेइतकं गार पाणी, चार खांबांतला एकच धड उरलेला. गोलाकार फोटोसाठी याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही. पण त्या पाण्यातून लोक प्रदक्षिणा घालतात, ओल्या कपड्यांनी बाहेर येतात. मी ट्रायपॉड लावत होतो, तेव्हा एक आजी पाण्यातून वर आल्या आणि समजूतदारपणे माझ्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

म्हटलं, “आजी, यात मागचंही येतं.”

“मंग उभं ऱ्हायचं तरी कुठं?”

त्यांच्या घरची माणसं प्रदक्षिणा संपवून वर जाईपर्यंत मी थांबलो. फोटो नंतर काढला. पण त्यांचा प्रश्न बरोबर होता आणि गुहेपुरता नव्हता.

गूगलच्या स्ट्रीट व्ह्यूलाही तो विचारता येतो. २०११ साली बेंगळुरूमध्ये हे चित्रण सुरू झालं आणि पोलिसांनी ते थांबवलं. २०२२च्या जुलैमध्ये ही सेवा देशातल्या दहा शहरांत अधिकृतपणे सुरू झाली. त्यांत पुणे, नाशिक होती तसं आपलं अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगरही होतं. तिथं चेहरे आणि गाड्यांचे नंबर धूसर केले जातात. मोठ्या शहरात तेवढं बहुधा पुरतं. पण छोट्या वाडीत माणूस चेहऱ्यावरून कमी आणि चालीवरून, लुगड्यावरून, सोबतच्या बैलावरून जास्त ओळखला जातो. धूसर चेहरा अनोळखी लोकांपासून लपवतो. ज्यांच्यापासून लपायचं असतं, ते बहुतेक वेळा ओळखीचेच असतात.

यावर कुणी म्हणेल, जागा सार्वजनिक आहे, शिवाय सगळीकडे सीसीटीव्ही आहेतच. खरं आहे. पण दिसणं आणि कायमचं साठवलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गुहेत आजींना वीसेक लोकांनी पाहिलं असेल. ते लोक आजीही पाहू शकत होत्या. फोटो पाहणाऱ्याला त्या पाहू शकत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कळसूबाई १६४६ मीटर उंच आहे. वाटेत लोखंडी शिड्या आहेत आणि ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, त्यांना महाराष्ट्राच्या माथ्यावर उभं राहिल्यासारखं वाटायला लावणारं याच्याइतकं स्वस्त साधन नाही. ही ओढ जुनी आहे. रॉबर्ट बार्करनं १७९३ साली लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये खास गोल इमारत उघडली. लोक तिकीट काढून मधोमध उभे राहायचे आणि चहूबाजूंनी रंगवलेलं दृश्य पाहायचे. हा आनंद मला कुणाकडून काढून घ्यायचा नाही. फरक एवढाच की चितारलेला माणूस कुणीही असू शकतो. फोटोतला माणूस मात्र कुणीतरी असतो आणि तो संध्याकाळी त्याच गावात आपल्या घरी जातो.

म्हणून मी दोन गोष्टी पाळतो. पहिली: सुरू करण्याआधी मोठ्यानं सांगायचं की याला मागची बाजू नाही, पाच-सात मिनिटं लागतील, यायचं नसेल तर सांगा, मी थांबतो. काढणाऱ्याच्या मागची जागा या तंत्रानं काढून घेतली आहे. तिच्या बदल्यात निदान वेळ तरी द्यायला हवा. दुसरी: पायाखालचा फोटो झाकायचा नाही.

बुटांचा फोटो ठेवून कुणाचं काय भलं होणार? फार नाही. पण पाहणाऱ्यानं बोटानं चित्र खाली ओढलं की त्याला कळतं, हे दृश्य आपोआप उमटलेलं नाही. इथं कुणीतरी उभं होतं, त्यानं काही ठेवलं, काही पुसलं. काही विचारायचं असेल तर ते त्याला विचारता येईल.