कोनशिला नसलेली कामं

ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे निघालं की कशेळी, काल्हेर, पूर्णा मागे टाकून राहनाळ येतं. दोन्ही अंगांना गोदामांची पत्र्याची छपरं, माल उतरवायला खोळंबलेले कंटेनर आणि त्यांच्या पाठीमागच्या चाळींत हमालांची, कारागिरांची, पॅकिंगला जाणाऱ्या बायकांची बिऱ्हाडं. डोळ्यांना हे शहर दिसतं, कागदावर ही ग्रामपंचायत आहे. मालमत्तेची आकारणी नमुना 8 मध्ये होते, अंगणवाडी आणि आरोग्याचा कारभार जिल्हा परिषदेकडे, जमिनीचं नियोजन एमएमआरडीएकडे, आणि भिवंडी महापालिकेची हद्द हाकेच्या अंतरावर. या पट्ट्यात गोदामं आली तीच मुळी जकातीच्या नाक्यांबाहेर जागा हवी म्हणून. हद्दीच्या रेषेनेच हे गाव असं घडवलं.

आंतरराष्ट्रीय विकास संस्था आपल्याकडच्या सरकारी कामाच्या डिजिटल बदलात कुठे, किती आणि कशा गुंतल्या आहेत, याचा नकाशा काढायची चर्चा अधूनमधून होते. असे नकाशे राजधानीत काढले जातात आणि त्यांचा पहिला रकाना संस्थेच्या नावाचा असतो. माझं म्हणणं असं, की हा नकाशा राहनाळसारख्या गावातून काढायला हवा, आणि त्याचा पहिला रकाना एका मुलाचा असायला हवा.

दीड वर्षाचं एक मूल घेऊ. त्याच्या गोवर-रुबेला लसीच्या दुसऱ्या डोसची वेळ झाली आहे. लस ज्या फ्रीजमध्ये ठेवतात तो चालू आहे की बिघडून पडला आहे, याची नोंद राष्ट्रीय शीतसाखळी व्यवस्थापनाच्या माहिती प्रणालीत जाते. ती युनिसेफच्या मदतीने उभी राहिली. त्याच फ्रीजमधल्या कुपीची नोंद मात्र ‘ई-विन’मध्ये. 2015 साली सुरू झालेल्या या प्रणालीमागे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचं (यूएनडीपी) तांत्रिक बळ आणि गॅव्ही या जागतिक लस-आघाडीचा पैसा आहे. मुलाची स्वतःची नोंद माता-बालआरोग्याच्या आरसीएच पोर्टलवर, आणि आता लसीकरणाच्या ‘यू-विन’वर. त्याचं वजन-उंची ‘पोषण ट्रॅकर’मध्ये, दुसऱ्याच खात्याकडे. आणि एवढं करून त्याला गोवर झालाच, तर ती माहिती ज्या सर्वेक्षणाच्या जाळ्यातून वर जाते, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने 1997 साली पोलिओसाठी विणलेलं. फ्रीज, कुपी, मूल, मुलाचं वजन, मुलाचा आजार, प्रत्येकाचं दप्तर वेगळं.

यातलं एकही काम फुकट आहे असं मी म्हणत नाही. ई-विन येण्याआधी कुठल्या केंद्रात किती लस उरली आहे हे कळायला आठवडे जात. पहिल्या टप्प्यातल्या राज्यांत लस संपण्याचे प्रकार 80 टक्क्यांनी घटल्याचं मूल्यमापनात आढळलं, आणि करोनाकाळात को-विन उभं राहिलं ते याच पायावर. पण 2022 च्या नोव्हेंबरात गोवंडीपाठोपाठ भिवंडी आणि मालेगावात गोवर पसरला तेव्हा डोस चुकलेली मुलं शोधायला घरोघर फिरावं लागलं. कुपीचा ठावठिकाणा पडद्यावर दिसतो. मुलाचा दिसत नव्हता.

असं का होतं, याचं उत्तर एकेका संस्थेच्या अहवालात सापडणार नाही. प्रत्येकीने आपला तुकडा नीट मोजलेला असतो. दोन तुकड्यांच्या मधली जागा कोणाचीच नसते, आणि मूल नेमकं तिथे उभं असतं.

भिवंडी तालुक्यातल्या एका अंगणवाडीत मी एका दुपारी बसलो होतो. सेविकाताईंनी वजनकाट्याच्या झोळीत मूल ठेवलं, काटा स्थिर होईपर्यंत त्याच्याशी गप्पा मारल्या, आकडा आधी वहीत लिहिला आणि मग फोन हातात घेतला. मी विचारलं, फोन आहे तर वही कशाला? त्या म्हणाल्या, “दादा, मॅडम तपासणीला आल्या की वही मागतात, आणि वरून विचारणा झाली की अ‍ॅप बघतात. मला दोन्हीकडे उत्तर द्यायचंय.” तेवढ्यात घरपोच आहार न्यायला एक आजी आल्या. सून गोदामात पॅकिंगला गेली होती. फोनला चेहरा हवा होता सुनेचा. 2025 च्या जुलैपासून ही चेहरा-पडताळणी सक्तीची आहे. आजींना संध्याकाळी सुनेसोबत यायला सांगितलं गेलं. सून सुटते सातला, अंगणवाडी त्याच्या कितीतरी आधी बंद होते. ताईंनी शेवटी सांगितलं, “माझ्या घरी या.”

या फोनचा इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे. एकात्मिक बालविकास सेवा योजना 1975 ची. तिच्यात सेविकेकडे 11 रजिस्टरं असत. 2018 मध्ये पोषण अभियान आलं आणि त्यासोबत ‘कॅस’ नावाचं अ‍ॅप. सॉफ्टवेअरला गेट्स फाउंडेशनचं पाठबळ होतं, आणि ज्या प्रकल्पातून ते राज्यांत उतरलं तो जागतिक बँकेच्या कर्जाचा होता. त्या प्रकल्पाच्या आठ राज्यांत महाराष्ट्र होता. अकरापैकी दहा रजिस्टरं फोनमध्ये जातील असं वचन होतं. सेविका शिकल्या, कुटुंबं भरली, बोटांना सवय झाली, आणि 2020 मध्ये ते अ‍ॅप गुंडाळलं गेलं. 1 मार्च 2021 ला पोषण ट्रॅकर आला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले. फोन तापत होते, अडकत होते, नवं अ‍ॅप इंग्रजीत होतं. भाषेचा प्रश्न संघटनांना मुंबई उच्च न्यायालयात न्यावा लागला.

त्या वेळी चर्चा झाली ती फोनच्या दर्जाची आणि मानधनाची. ती रास्तच होती. पण एक प्रश्न कोणी विचारला नाही: कॅस बंद करायचं कोणी ठरवलं, आणि त्यात ओतलेल्या लाखो बायकांच्या कष्टांचा हिशेब कोणाच्या वहीत आहे? कर्ज देणाऱ्याच्या पूर्णत्व-अहवालात प्रकल्प ‘पूर्ण’ होतो. सॉफ्टवेअर बनवणाऱ्याचा करार संपतो. खात्याकडे नवं अ‍ॅप येतं. सेविका पुन्हा पहिल्या कुटुंबापासून सुरुवात करते.

बाहेरच्या पैशातून झालेलं विटा-मातीचं काम याच्याशेजारी ठेवून पाहू. 1993 च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमधली 52 गावं नव्या जागी वसवली गेली. काही जागतिक बँकेच्या कर्जातून सरकारने बांधली, काही देणगीदार संस्थांनी. घरांच्या आराखड्यांवर पुढे खूप टीका झाली. पण त्या चुका दिसत होत्या. घर गळत असेल तर ते कोणी बांधलं हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. विटांच्या कामाला कोनशिला असते. अ‍ॅपला नसते. ते उघडताना राजमुद्रा दिसते आणि काम सरकारचं ठरतं. आराखडा कोणी केला, सल्लागारांचा पगार कोण देतं, पैसा कोणत्या महिन्यापर्यंत आहे, हे त्यामागे राहून जातं.

दूरचं एक उदाहरण इथे उपयोगी पडतं. युगांडात मोबाइलवरच्या आरोग्य-प्रयोगांची इतकी गर्दी झाली होती, की ठिपक्यांनी भरून गेलेला त्या देशाचा एक नकाशा जगभर फिरला. जानेवारी 2012 मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने हुकूम काढला: एकमेकांशी मेळ बसेपर्यंत नवे प्रयोग बंद. तो निर्णय घेता आला, कारण तिथे संस्था उघड्यावर होत्या, प्रत्येक ठिपक्यावर नाव होतं. भारताची गोष्ट निराळी. 2003 मध्येच आपण बहुतेक छोट्या देणगीदार देशांची मदत बंद केली. मोठ्या संस्थांचा पैसा केंद्राच्या अर्थखात्यातून येतो आणि सरकारी योजनेत विरघळतो. सार्वभौमत्वाच्या दृष्टीने हे योग्यच आहे, मला त्याचा अभिमानही आहे. पण त्याची किंमत अशी, की इथे ठिपकेच दिसत नाहीत.

आता पुन्हा हद्दीकडे येतो. दिवाळी झाली की मोखाडा-जव्हारकडची कातकरी आणि इतर आदिवासी कुटुंबं भिवंडी तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. 1 ऑगस्ट 2014 पर्यंत हा प्रवास एकाच ठाणे जिल्ह्यातला होता. त्या दिवशी पालघर वेगळा झाला. वाट तीच राहिली, पण मूल आता जिल्ह्याची हद्द ओलांडतं, म्हणजे एका यादीतून बाहेर पडतं आणि दुसऱ्या यादीत जाईलच असं नाही. याच आग्रा रस्त्याने गोदामाकडे येणाऱ्या मालाला 2018 पासून ई-वे बिल असतं. गुजरातेतून निघालेलं खोकं राज्याची सीमा ओलांडून इथे उतरेपर्यंत त्याचा क्रमांक बदलत नाही. खोकं हरवलं तर कोणाचं तरी नुकसान होतं आणि ते कोणाचं हे लिहून ठेवलेलं असतं, म्हणून ते हरवत नाही. मुलाच्या बाबतीत ही जबाबदारी कोणाच्या नावावर टाकलेली नाही.

महाराष्ट्राने हे ओळखलं होतं, याची नोंद घेतली पाहिजे. 2021 च्या नोव्हेंबरात महिला व बालविकास विभागाने पालघरसह सहा जिल्ह्यांत स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी स्वतंत्र प्रणाली चाचणीसाठी सुरू केली. प्रश्न अचूक होता. पण उत्तर पुन्हा एका नव्या अ‍ॅपचंच. मूल निघालं हे निघायच्या गावच्या सेविकेला कळलं आणि पोहोचलं हे पोहोचायच्या गावच्या सेविकेला कळलं, तरच ते चालतं. भट्टीमालक दोघींनाही सांगत नाही.

त्या अंगणवाडीतल्या ताईंच्या वहीचं शेवटचं पान मला आठवतं. पट्टीने आखलेले रकाने: मुलाचं नाव, आईचं नाव, कोणती भट्टी, कुठल्या गावचे, लसीचं कार्ड आहे का, शेवटची लस कधी. एका नावापुढे खोडाळा, दुसऱ्यापुढे नुसतंच ‘जव्हारकडे’. हे पान कोणत्याही नमुन्यात बसत नाही आणि ते त्यांच्याकडे कोणी मागितलेलं नाही. फ्रीज, कुपी, मूल, वजन आणि आजार यांच्या मधल्या ज्या जागेबद्दल मी वर बोललो, ती या पानावर भरलेली आहे.

विकास संस्थांच्या डिजिटल कामाचा नकाशा या पानासारखा आखावा. प्रत्येक प्रणालीपुढे लिहावं, की ती गावाला काय विचारते, ते कोणाच्या हाताने भरलं जातं आणि त्यात दिवसाचा किती वेळ जातो, माहिती कुठे जाते, गावाकडे परत काय येतं, पैसा कोणाचा आणि कोणत्या महिन्यापर्यंतचा. शेवटचा रकाना माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा: या प्रणालीमुळे कोणती वही बंद झाली? उत्तर ‘कोणतीही नाही’ असेल तर तसं स्पष्ट लिहावं, आणि जुनी वही बंद करणारा लेखी आदेश निघेपर्यंत नवं अ‍ॅप गावात येऊ देऊ नये. तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा, 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचावा. कोनशिलेचं काम तो करेल.

‘कोणत्या महिन्यापर्यंत’ हा रकाना का हवा, हे 2025 ने दाखवून दिलं. अमेरिकेने यूएसएडचा पैसा जानेवारीत गोठवला, पुढे ती संस्थाच बंद केली. भिवंडीशेजारच्या कल्याणात आणि पुण्यात तृतीयपंथी व्यक्तींसाठी चालणारी ‘मित्र’ क्लिनिकं त्या धक्क्याने थांबली. क्लिनिकला कुलूप लागलं की रस्त्यावरच्या माणसाला दिसतं. सर्व्हरचं भाडं थांबलं तर सेविकेला एवढंच दिसेल, की आज सिंक होत नाही. आणि दोष तिच्या माथी येईल.

या तक्त्यावर एक खरा आक्षेप आहे. राज्यातल्या सुमारे 28 हजार ग्रामपंचायतींत असे तक्ते करायचे म्हणजे ताईंच्या डोक्यावर आणखी एक वही. तसं झालं तर हा लेख लिहूनच मी चूक केली असं म्हणेन. पण प्रणाली सगळीकडे त्याच आहेत, म्हणून तालुक्याला तीन गावं पुरतात. भिवंडीत महापालिकेच्या हद्दीला चिकटलेलं राहनाळ, वीटभट्ट्यांचं एक गाव आणि एक कातकरी पाडा. भरायचं काम सेविकेने, आशाताईने करायचं नाही. ते संस्थांच्या सल्लागारांनी गावात येऊन, त्यांच्या शेजारी बसून करायचं. पैशाचीही अडचण नाही. जिल्ह्यांची नियोजनक्षमता आणि माहितीचा वापर वाढावा म्हणूनच जागतिक बँकेने 2024 च्या अखेरीस महाराष्ट्राला सुमारे 18.8 कोटी डॉलरचं ‘महास्ट्राइड’ कर्ज मंजूर केलं आहे. ठाणे जिल्ह्यात त्यातला पहिला कागद हा तक्ता असावा.

तो भरायला बसण्याचा दिवसही नक्की करता येईल: दिवाळीनंतरचं पहिलं लसीकरण सत्र. त्या सकाळी नर्सबाई लसीचा डबा घेऊन येतात, आशाताई ड्यू लिस्ट घेऊन, सेविका वजनकाटा आणि फोन घेऊन. या सगळ्या प्रणाली वर्षभरात एकत्र येतात त्या अशाच दिवशी, एका सतरंजीवर, आणि त्याच आठवड्यात भट्ट्यांवर पहिली कुटुंबं उतरलेली असतात.