तामारेचे पुढे काय झाले?



पवित्र शास्त्राचे भाषांतर करणाऱ्यांच्या कामात एक साधी कसोटी असते. उतारा तयार झाला की तो पूर्वी कधीही न ऐकलेल्या माणसाला वाचून दाखवायचा, आणि आपण काही न समजावता त्याला काय उमगले ते विचारायचे. काही काळापूर्वी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे थोडे दिवस राहण्याचा योग आला. तंजावरचे मराठी राज्य 1855 साली संपले. परंतु त्या राज्याबरोबर कावेरीकाठी आलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही त्या भागात आहेत आणि घरात आपली मराठी बोलतात. अशाच एका घरी, महामहम तलावापासून थोड्याच अंतरावर, मी 2 शमुवेलच्या तेराव्या अध्यायाचा मसुदा वाचून दाखविला. ऐकणाऱ्या बाई सत्तरीच्या, हिंदू घराण्यातील. त्यांनी जन्मभर मुलींना गाणे शिकविले होते. आपले शास्त्र त्या प्रथमच ऐकत होत्या.

तो अध्याय आपण मंडळीत सहसा वाचीत नाही. दाविदाचा ज्येष्ठ पुत्र अम्नोन आजाराचे सोंग करून सावत्र बहीण तामार हिला बोलावून घेतो, तिच्यावर बलात्कार करतो आणि नोकराकरवी तिला बाहेर काढून दार लावून घेतो. तामार डोक्यात राख घालते, अंगावरचा झगा फाडते आणि रस्त्याने आक्रोश करीत जाते. पुढे अबशालोमाचा डाव, अम्नोनाचा खून, राजाचा शोक. वाचन संपल्यावर मी ठरलेले प्रश्न विचारू लागलो: कोणी कोणाला मारले, कशासाठी मारले? बाईंनी मला थांबविले. "ते राहू द्या. त्या मुलीचं पुढं काय झालं?"

मी पाने चाळून पाहिली. विसाव्या वचनानंतर तामार स्वतः कथेत पुन्हा येत नाही. येते ते केवळ तिचे नाव. मला उत्तर देता आले नाही.

मग बाई आपणहून एका गाण्याविषयी बोलू लागल्या. 2002 साली 'कन्नत्तिल मुत्तमिट्टाल' हा तमिळ चित्रपट आला. त्यातील एका गीताबद्दल कवी वैरमुत्तू यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले आणि चिन्मयी श्रीपाद या नव्या गायिकेचा आवाज त्याच गीताने घरोघरी पोहोचला. बाई हे गीत आपल्या विद्यार्थिनींना हौसेने शिकवीत असत. 2018 च्या ऑक्टोबरमध्ये त्याच गायिकेने त्याच कवीवर लैंगिक छळाचा जाहीर आरोप केला. कवींनी तो नाकारला. "तेव्हापासून मी ते शिकवत नाही," बाई म्हणाल्या, "पण कुठं ऐकू आलं की ओठ हलतात."

वाचकहो, हे हलणारे ओठ आपल्या सर्वांचे आहेत. ज्याच्या शब्दांनी आपण रडलो, ज्याच्या सुरांनी आपल्याला प्रार्थना करायला शिकविले, त्याच्याविषयी असे काही कानी आले म्हणजे प्रथम आपल्याच अंगणात काहीतरी कोसळते. ते स्वाभाविक आहे. पुढे आपण काय करतो, हा प्रश्न आहे.

आठवून पाहा, त्या वेळी कोणते प्रश्न विचारले गेले. इतकी वर्षे ही गप्प का होती? हिच्यामागे कोण आहे? एवढ्या मोठ्या माणसाचे नाव धुळीस मिळवावे काय? त्याची गाणी आता ऐकावीत की नाही? त्याच महिन्यात मद्रास म्युझिक अकादमीने डिसेंबरच्या संगीतोत्सवातून सात कलावंतांना वगळले, तेव्हाही चर्चा रंगली ती प्रामुख्याने उत्सवाचे काय होणार याची. 2018 च्याच नोव्हेंबरमध्ये चिन्मयी यांचे डबिंग कलावंतांच्या संघाचे सदस्यत्व संपुष्टात आले. संघाने वर्गणी थकल्याचे कारण दिले, ते त्यांनी मान्य केले नाही. 2021 साली केरळमधील ओ. एन. व्ही. कुरूप यांच्या नावाचा साहित्य पुरस्कार वैरमुत्तू यांना जाहीर झाला, निषेध झाला, आणि अखेर त्यांनी तो घेण्याचे नाकारले. त्या वादातही बहुतेकांनी कवीच्या कवितेचेच माप काढले. कवींना कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरविलेले नाही, आणि तो निवाडा करणे हे माझे काम नव्हे. मी लक्ष वेधतो ते आपल्या प्रश्नांकडे. बाजू घेणारे आणि बहिष्कार घालणारे, दोघांच्याही प्रश्नांच्या केंद्रस्थानी कलावंतच होता. कुंभकोणमच्या बाईंनी विचारला तो प्रश्न फारच थोड्यांना सुचला.

आता पुन्हा दाविदाकडे वळू. तोही कवी होता, गायक होता, लोकांचा अत्यंत लाडका होता. त्याचे दोन संताप शास्त्राने लागोपाठच्या दोन अध्यायांत नोंदविले आहेत. बाराव्या अध्यायात नाथान संदेष्टा त्याला गरिबाची मेंढी हिरावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगतो. दावीद भडकतो व तो मनुष्य मरणास पात्र आहे, असा निकाल तत्काळ देऊन टाकतो. तो श्रीमंत मनुष्य आपणच, हे त्याला ठाऊक नसते. तेराव्या अध्यायात तामारेची हकिकत त्याच्या कानी येते, तेव्हाही तो फार संतापतो. आणि काहीच करीत नाही. हिब्रू मूळ येथेच थांबते. प्राचीन ग्रीक भाषांतर मात्र आणखी एक वाक्य जोडते, आणि अनेक भाषांतरांत आपण ते तळटिपेत देतो: अम्नोन ज्येष्ठ पुत्र होता, राजाचे त्याच्यावर प्रेम होते, म्हणून राजाने त्याला दुखविले नाही. दूरच्या अपराध्याला मृत्युदंड आणि जवळच्याला केवळ संताप! आपल्या न्यायबुद्धीची परीक्षा पहिल्या प्रसंगात होत नाही. ती दुसऱ्यात होते.

आणि ही परीक्षा आपण ख्रिस्ती लोकही उत्तीर्ण झालेलो नाही. 1946 साली मद्रास येथे जन्मलेले रवी झकारायस यांची व्याख्याने ऐकून आपल्यापैकी अनेकांचा विश्वास दृढ झाला, माझाही झाला. 2017 साली एक स्त्री त्यांच्याविरुद्ध पुढे आली, तेव्हा त्यांच्या संस्थेने त्यांच्याच शब्दावर भरवसा ठेवला. 2020 च्या मे महिन्यात ते निवर्तले. 2021 च्या फेब्रुवारीत, संस्थेनेच नेमलेल्या वकिलांच्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात अनेक स्त्रियांशी केलेल्या लैंगिक गैरवर्तनाची नोंद होती. संस्थेच्या मंडळाने जाहीर क्षमा मागितली. जिच्यावर अविश्वास दाखविला होता त्या स्त्रीचीही मागितली. तोवर चार वर्षे उलटली होती.

दुसऱ्याच्या घरातील उदाहरणे देऊन मी थांबलो तर मीही बाराव्या अध्यायातला दावीदच ठरेन. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका मंडळीत कमिटीचा चिटणीस होतो. आमचे गायकवृंदाचे प्रमुख उत्तम चाली बांधीत; त्यांची गीते आसपासच्या मंडळ्यांतही गायिली जात. गायकवृंदातील सतरा वर्षांची एक मुलगी एकाएकी यायची थांबली. तिची आई आमच्याकडे आली आणि खाली पाहून जे सांगायचे ते तिने सांगितले. आम्ही त्या गृहस्थांना बोलावले, त्यांनी नाकारले, आम्ही प्रार्थना केली. मुलीला आम्ही बोलावलेही नाही. बाहेर बोलू नका, प्रभूच्या कार्यास बाधा येईल, असे आईला सांगितले. इतिवृत्तात मी लिहिले, 'गैरसमज दूर झाला.' ते कुटुंब गाव सोडून गेले. त्या नाताळात आम्ही त्याच गृहस्थांचे नवे गीत गायिलो, आणि ते सुंदर होते. आरोप खरा होता की खोटा, हे मला आजही सांगता येत नाही, कारण ते जाणून घेण्याचे कष्ट आम्ही घेतले नाहीत. हेच आमचे पाप.

येथे एखादा वाचक म्हणेल, "परंतु योसेफाचे काय? पोटीफराच्या पत्नीने खोटा आळ घेतलाच ना?" प्रश्न रास्त आहे. मूळ हिब्रूत योसेफाच्या त्या खास झग्यासाठी जे शब्द आहेत, ते संपूर्ण जुन्या करारात आणखी एकाच व्यक्तीच्या वस्त्रासाठी येतात: तामारेच्या. जणू शास्त्राने दोघांना एकच वस्त्र नेसवून आपल्यापुढे उभे केले आहे; एकावर खोटा आळ आला, दुसरीचा खरा आक्रोश दाबला गेला. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. योसेफ गुलाम होता आणि आळ घेणारी धन्याची पत्नी होती. दोन्ही घरांत चौकशी झाली नाही. दोन्ही घरांत ज्याच्या हाती सत्ता त्याचेच निभावले. तेव्हा योसेफाची कथा तक्रार न ऐकण्याचे निमित्त होऊ शकत नाही. तीही नीट चौकशी करा, असेच सांगते.

एका साक्षीदारावरून कोणाला दोषी ठरवू नये, असे अनुवाद 19:15 सांगते; तोच अध्याय तीन वचनांनंतर न्यायाधीशांना कसून चौकशी करण्याची आज्ञा देतो. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायातील सर्वच नियम आज आपल्याला पचणारे नाहीत. परंतु रानात एकटी सापडलेल्या मुलीविषयी तेथे जे म्हटले आहे ते विसरू नये. साक्षीला कोणी नव्हते, तरी ती ओरडली असेल, तिला सोडविणारे कोणी नव्हते, असे नियमशास्त्रच तिच्या वतीने मानते. वडीलजनांवरील आरोप दोन-तीन साक्षीदारांवाचून स्वीकारू नये, हे 1 तीमथ्य 5:19 आपल्या मंडळ्यांना तोंडपाठ आहे. त्यापुढचे विसावे वचन, पाप करीत राहणाऱ्याची सर्वांसमक्ष कानउघाडणी करावी हे सांगणारे, मी कमिटीत एकदाही ऐकले नाही. शिक्षा देण्यास पुरावा लागतोच. ऐकून घेण्यास, तिला आधार देण्यास, आणि चौकशी होईपर्यंत त्या व्यक्तीच्या हाती मुली न सोपविण्यास साक्षीदार लागत नाहीत.

उरला गीतांचा प्रश्न. मार्को रुपनिक या स्लोव्हेनियन धर्मगुरूची मोझाइक चित्रे जगभरच्या कॅथलिक देवळांत आहेत. अनेक स्त्रियांनी, त्यांत धर्मभगिनी होत्या, त्यांच्यावर अत्याचाराचे आरोप केले. 2023 च्या जूनमध्ये येशूसंघाने त्यांना संघातून काढले, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये पोप फ्रान्सिस यांनी मुदतीची अडचण दूर करून खटल्याची वाट मोकळी केली. फ्रान्समधील लूर्द येथे प्रार्थनेस येणाऱ्यांत अत्याचार सोसलेली माणसेही असतात. त्यांनी ती चित्रे ओलांडून आत कसे जावे? तेथील बिशपांनी 2024 मध्ये त्या चित्रांवरील रात्रीचे दिवे बंद केले आणि 2025 च्या मार्चमध्ये प्रवेशद्वारांवरील चित्रे झाकली. चित्र चांगले की वाईट, यापेक्षा चित्रासमोर कोण उभे राहणार, हा प्रश्न त्यांनी पुढे ठेवला. मला तो योग्य वाटतो.

दाविदाची स्तोत्रे आपण टाकलेली नाहीत. परंतु एक्कावन्नाव्या स्तोत्राचे शीर्षक पाहा. नाथान कोणत्या पापानंतर दाविदाकडे आला, ते तेथे बथशेबेच्या नावासह नोंदविले आहे, आणि हिब्रू गणनेत ते शीर्षक स्तोत्राचाच भाग आहे. इस्राएलाने राजाचे गीत जपले आणि त्याचा अपराधही गीताच्या माथ्यावर जपला. आपण बहुधा गीत ठेवून शीर्षक पुसतो. जेथे शीर्षकासह गाण्याचे धैर्य नाही, तेथे काही काळ गप्प राहणे अधिक प्रामाणिक.

कुंभकोणमहून परतल्यावर मी तेराव्या अध्यायाचे विसावे वचन पुन्हा हाती घेतले. तामार भावाच्या घरी कशी राहिली, हे सांगण्यासाठी मी 'उदास' हा शब्द योजिला होता. मूळ शब्द 'शोमेमा'. त्याच धातूचे शब्द शास्त्रात ओसाड पडलेल्या देशांना आणि नगरांना लाविले आहेत. उदासपणा हा मनाचा भाव आहे, कालांतराने तो जातो, असे ऐकणाऱ्याला वाटते. भूमी आपोआप ओसाड होत नाही. तिला कोणीतरी तसे केलेले असते. मी 'उदास' खोडून 'उजाड' लिहिले.

तामारेचे पुढे काय झाले, हे शास्त्र आपल्याला सांगत नाही. परंतु आपल्या मंडळीतील त्या मुलीचे पुढे काय झाले, हे शोधता येण्यासारखे आहे. मी त्या कुटुंबाचा पत्ता विचारण्यास आरंभ केला आहे. पंचवीस वर्षे उशीर झाला आहे. मला दार उघडले जाईल अशी माझी खात्री नाही आणि तसा माझा हक्कही नाही. वाचकहो, आपल्या आवडत्या माणसाविषयी पुढच्या वेळी असे काही ऐकाल, तेव्हा त्याच्या गीतांचा विचार करण्याआधी तिची विचारपूस करा.