संकर आणि सचोटी

दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम देशात, सिपालिविनी नावाच्या माळरानावरील रानपट्ट्यांत, एक निळाशार बेडूक राहतो. त्याच्या कातडीत विष असते. पण ते त्यास मुंग्यांसारखे बारीक जीव खाऊन मिळते. काचेच्या पेटीत वाढलेल्या पिलाच्या अंगी ते नसते. म्हणून युरोप-अमेरिकेतील हौशी माणसे हे बेडूक निर्धास्तपणे घरी पाळतात. या मंडळींत एक जुना वाद आहे : भिन्न जातींच्या बेडकांची जोडी लावून नवे रंग निर्माण करावेत काय?

पुष्कळांचे उत्तर ‘मुळीच नाही’ असे आहे. आम्हांसही ते मान्य आहे. परंतु कारण पारखून घेतले पाहिजे. ‘रक्त शुद्ध राहावे’ हे कारण आम्हांस पटत नाही. हाच निळा बेडूक १९६९ साली स्वतंत्र जात म्हणून नोंदला गेला. पुढे २००६ साली तो एका जुन्याच जातीचा रंगप्रकार ठरला. निसर्गातील रेषा इतक्या पुसट असतात. शिवाय ‘संकर’ हा शब्द आपल्याकडे बेडकांपाशी थांबत नाही. सोयरीक जुळविताना कुळाच्या शुद्धतेची भाषा अजूनही कानी पडते. माणसामाणसांतील त्या अन्यायाला बेडकाच्या निमित्तानेही आधार मिळता कामा नये.

मग दोष कशात आहे? तो नोंद पुसली जाण्यात आहे. शेतकरी संकरित ज्वारी पेरतो, तेव्हा बियाण्याच्या पिशवीवर तसे छापलेले असते. तेथे फसवणूक नाही. पाळीव बेडूक मात्र या हातातून त्या हातात जातो. पहिला मालक खरे सांगतो, दुसरा विसरतो, तिसरा केवळ रूप पाहून मूळ जातीचे नाव लावतो. त्याची पिले दुसऱ्याच्या जपलेल्या वंशात मिसळली, की त्यांना वेगळे काढणारी चाळणी कोणाजवळच नसते.

हे नुकसान लहान नव्हे. पनामाचा सोनेरी बेडूक २००९ च्या सुमारास रानातून दिसेनासा झाला. प्राणिसंग्रहालयांनी काटेकोर नोंदी ठेवून त्याचा वंश जगविला. मूळच ठाऊक नसलेल्या जिवाचा अशा कामी उपयोग होत नाही.

संकरातून जन्मलेला बेडूक निर्दोष आहे. त्यास मायेने सांभाळावे, पण खोटे नाव देऊन विकू नये. आणि पुढच्या हाताच्या सचोटीची हमी आपणांस देता येत नसेल, तर ती जोडी मुळातच लावू नये. पेटी आपली असली, तरी त्या जिवाचे मूळ आपल्या मालकीचे नाही. ते आपल्याकडे ठेव म्हणून आले आहे.