शिरोडकरचा चेहरा

तुमच्या आवडत्या कादंबरीवर सिनेमा येतोय म्हटलं की तुमच्याही पोटात गोळा येतो का? 2012 मध्ये 'शाळा' आला तेव्हा माझं तसंच झालं. मिलिंद बोकीलांची कादंबरी तोवर तीनदा वाचून झाली होती. आणीबाणीचे दिवस, नववीचा वर्ग, आणि सगळं सांगणारा मुकुंद जोशी. त्यातल्या शिरोडकरला माझ्या मनात चेहराच नव्हता. ती वर्गात आल्याची नुसती चाहूल होती. पडद्यावर केतकी माटेगावकर दिसली की ती चाहूल जाणार, म्हणून सुजय डहाकेंचा सिनेमा मी पाहिलाच नाही.

आता इथे माउंट वेलिंग्टनला पंधरा वर्षांची लेक म्हणते, "बाबा, सबटायटल्स असतील तर बघूया ना." मी सवयीने म्हणालो, "आधी पुस्तक." पण तिला देवनागरी अडखळत वाचता येते. मग माझ्या अटीचा अर्थ काय उरतो, तुम्हीच सांगा. तिला शिरोडकर कधी भेटूच नये?

म्हणून वाचून दाखवायला बसलो, मध्येमध्ये इंग्रजीत समजावत. "तो तिला आडनावानेच का ओळखतो?" तिने विचारलं. तेव्हा वर्गातल्या मुलीचं नाव घ्यायलाही धीर लागायचा, असं काहीतरी बोललो. बोलताबोलता जाणवलं, हेही रूपांतरच की! तेसुद्धा दिग्दर्शकापेक्षा घाईघाईचं.

चाहूल गेली तर मला वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू? पण ते माझं वाईट वाटणं. त्याची किंमत तिने का मोजावी?

रविवारी लावतोय सिनेमा. पुस्तकात खूण घालून ठेवली आहे.