हादऱ्यानंतरची झोप

बसा. लेकराच्या उशाशी बसा.

दिवा बारीक करा. मोबाइल पालथा ठेवा. आता काही करायचं नाही.

तळहात जमिनीला टेकवा. सारवलेली जमीन असेल, फरशी असेल. गार लागते की ऊबदार? नुसतं जाणवू द्या.

ही जमीन डहाणूची आहे. किंवा तलासरीची. नोव्हेंबर 2018 पासून ती हादरे देते आहे. कधी दिवसात अनेक, कधी बरेच दिवस एकही नाही. केंद्र फार खोल नाही, म्हणून हादऱ्यासोबत आवाजही येतो, सुरुंग उडावा तसा. भांडी वाजतात. मग सगळं थांबतं.

थांबलेलं ऐका.

एक श्वास आत. सावकाश बाहेर.

1 फेब्रुवारी 2019. दिवसभर धक्के बसताहेत. दुपारचा सगळ्यात मोठा, 4 रिश्टरच्या थोडा वरचा. घाबरून घराबाहेर धावताना दोन वर्षांची एक मुलगी पडते आणि जाते.

तिच्यापाशी थोडं थांबू या. घाईने पुढचं वाक्य वाचू नका.

श्वास आत. श्वास बाहेर.

त्या थंडीत धुंदलवाडीच्या आसपासच्या पाड्यांवर गोधड्या अंगणात येतात. ताडपत्र्या येतात, तंबू येतात. आईच्या कुशीत पोर, पोराच्या पायाशी कुत्रं. वर उघडं आभाळ, अंगावर दव.

याच डहाणू तालुक्यात, बोर्डीला आणि नंतर कोसबादच्या टेकडीवर, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शाळा पोरांच्या अंगणात नेली, गुरांमागे कुरणातही नेली. ती शाळा आनंदाने बाहेर पडली होती. झोप भीतीने बाहेर पडली. अंगणाने दोन्हींना जागा दिली.

आता लेकराकडे पाहा.

छाती वर येते. खाली जाते. त्याचा श्वास तुमच्यापेक्षा जलद आहे. गाठायला जाऊ नका. तुमचा तुम्ही घ्या.

पाहत राहा.

थोड्या वेळाने ते चाळवेल. हात हलेल, ओठ हलतील, कदाचित डोळेही उघडतील. लगेच उचलू नका. लहान मुलाची झोप साधारण तासाभराच्या फेऱ्यांनी पुढे सरकते, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये ते जवळजवळ जागं होतं. पोर रात्रभर सलग झोपलं पाहिजे, हा आपला हट्ट मला कधी नीट कळला नाही. शेजारच्या खाटेवरची आजी तरी कुठे सलग झोपते?

त्या अर्ध्या जागेपणी पोर चाचपून बघतं. डोळे मिटले तेव्हा होतं ते सगळं आहे ना? तोच वास? तोच हात? झोळीचं तेच लुगडं, आढ्याचा तोच काळोख?

असेल, तर ते पुन्हा झोपतं. तुम्हाला पत्ताही लागत नाही.

म्हणून तंबूतल्या रात्री अवघड. डोळे कौलाखाली मिटले, उघडले ताडपत्रीखाली. पोर रडतं. त्याला हट्टी म्हणू नका. तेच लुगडं बाहेर न्या. तीच गोधडी. झोपताना रोज म्हणता तेच गाणं, त्याच क्रमाने. घर बदललं तरी एवढं बदलायचं नाही.

पुन्हा जमिनीला हात लावा.

स्थिर आहे? असू द्या. ती तशीच राहील, असं वचन तुम्हाला देता येणार नाही. या हातालाही ते कळतं.

मग देता काय येतं?

ऐका. तुमचा खांदा कुठे आखडला आहे? दात आवळले आहेत का? पोर तुमच्या अंगाला टेकून झोपतं, तेव्हा हे सगळं त्याच्या अंगाला लागतं. खांदा सोडा. जबडा सोडा. पोट मऊ होऊ द्या.

अजून एक श्वास. यात काही साधायचं नाही.

हादरा आला आणि पोर दचकून उठलं, तर आधी त्याला उचलून मोकळ्या जागेत या. धावताना ढकलाढकली नको. बाहेर आल्यावर छातीशी धरा.

"काही झालं नाही" असं म्हणू नका. झालं आहे, आणि त्याला ते ठाऊक आहे. मला वाटतं, लेकराला खोटं सांगून निजवू नये. हळू सांगा: जमीन हलली. आता थांबली. मी आहे.

एवढंच. पुन्हा सांगा. लागेल तितक्या वेळा सांगा.

श्वास आत. श्वास बाहेर.

आता डोळे वर करा. अंथरुणाच्या बरोबर वर फळी आहे का? फळीवर पितळी हंडा, धान्याचा डबा, देवाची फ्रेम? भिंत कुडाची असेल, कारवीवर माती लिंपलेली, तर ती हलकी असते. विटांची असेल आणि तडा गेला असेल, तर अंथरूण तिच्यापासून लांब ओढा.

हंडा खाली घ्या. दारातली सायकल बाजूला लावा. बॅटरी आणि चपला उशाशी ठेवा.

हंडा जड असेल तर कुणाला तरी हाक मारा. एकट्याने उतरवताना हातातून सुटला, तर पाडा उठेल आणि पोर सकाळपर्यंत झोपायचं नाही.