एकाच कापडाचे पाच सूट

गेल्या आठवड्यात माझा पुतण्या कापडाचा एक तुकडा घेऊन आला आणि म्हणाला, "काका, हा रंग कसा वाटतो?" रंग मोरपंखी होता. मार्गशीर्षात त्याचे लग्न आहे. त्याच्या पाच मित्रांनी या एकाच कापडाचे सूट घालून त्याच्याभोवती उभे राहायचे, असा बेत ठरला आहे. ही चाल मूळची ख्रिस्ती लग्नांतली. गोव्यात आणि वसईत ती पूर्वीपासून आहे. आता ती आमच्या पुण्याच्या मंगल कार्यालयांतही अंतरपाटाशेजारी येऊन उभी राहिली आहे. माझी तिला हरकत नाही. करवलीला मान आहे, मग मित्रांनीच काय घोडे मारले?

रंग छान आहे, असे सांगून मी किंमत विचारली. कापड आणि शिलाई धरून माणशी १५,००० रुपये. "ज्याने त्याने आपापले द्यायचे," तो म्हणाला. "अगदी समान!"

त्या शब्दापाशी मी अडखळलो. पाचांपैकी चौघांचे बरे चालले आहे. पाचवा एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. सुट्टी लागली की तास नाहीत, आणि तास नाहीत तर पैसेही नाहीत. तेच १५,००० रुपये एकाच्या खिशातून सहज निघतात आणि दुसऱ्याच्या घरातला एखादा महिना घेऊन जातात.

"तो काही बोलला का?" मी विचारले.

"छे! तो तर सगळ्यांच्या आधी हो म्हणाला."

मला माझे लग्न आठवले. साल १९७९. सफारी सूटचे दिवस होते ते. माझ्या चार मित्रांनी एकसारखे बदामी सफारी शिवावेत, ही टूम माझीच. त्यांतला एक छापखान्यात खिळे जुळवीत असे. तोही सगळ्यांच्या आधी हो म्हणाला होता. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याचा निरोप आला, ताप आहे, येत नाही. फोटोत तिघेच उभे राहिले. पुढे दहा वर्षांनी त्याची आई बोलता बोलता म्हणून गेली, "ताप कसला रे! कापडाचे पैसे बहिणीच्या फीला गेले." मी त्याला कधी काही विचारले नाही. आता विचारायला तो राहिला नाही.

हे ऐकून पुतण्या गप्प झाला. मग म्हणाला, "त्याचे पैसे मी गुपचूप देईन." मुलगा मनाने चांगला आहे. पण असे गुपित दोघांना ठाऊक असते, आणि ज्याच्यापासून ते झाकायला हवे तोच नेमका त्या दोघांतला एक असतो. सूट पाचांच्या अंगावर सारखा दिसेल; पण त्याचे ओझे एकाच्याच खांद्याला जाणवेल. शिवाय तो गरजू आहे, हे परस्पर ठरवणारे आपण कोण?

शाळेच्या गणवेशाचेही असेच नाही का? खिशातला फरक दिसू नये म्हणून तो सगळ्यांना सारखा असतो. मुलांच्या रांगेत तो फरक दिसत नाही, हे खरेच. पण जूनमध्ये दुकानात उभ्या असलेल्या आईला तो पुरता दिसलेला असतो. मला वाटते, मैत्रीतली समानता सारख्या वर्गणीत नाही आणि सारख्या रंगातही नाही. "मला परवडत नाही" हे वाक्य उच्चारण्याची पाळी कुणावर येऊ नये, यात ती आहे. ज्याला ते उच्चारावे लागले, त्याने एक रुपयाही न देता किंमत मोजलेली असते. म्हणून विचार करायचा तो विचारण्याच्या आधी.

आपल्या जुन्या मानपानाने रुसवेफुगवे पुष्कळ घडवले. त्याचे गोडवे मी गाणार नाही. पण त्यात एक शहाणपण होते. ज्याच्या घरचे कार्य, त्यानेच आहेर करायचा. माझ्या हौसेसाठी दुसऱ्याने नटावे असे वाटत असेल, तर गाठोडे मी सोडले पाहिजे, आणि तेही सर्वांसाठी.

काल पुतण्याचा फोन आला. सूट रद्द. ज्याच्याजवळ जो पांढरा सदरा असेल तो त्याने घालायचा, आणि मोरपंखी रंगाचे पाच फेटे आमच्या घरून. फेटेवाला मांडवात पाचांनाही ओळीने फेटे बांधणार आहे.

सदऱ्यांचे पांढरे रंग थोडे वेगवेगळे दिसतील, ही त्याची काळजी आहे. मी म्हटले, "दिसू देत. फोटोत पाचही जण असले म्हणजे झाले."