दाखवावं की लपवावं?

प्रयोगशाळेतली नोकरी सोडून मी लोकांना जंगल दाखवू लागलो, तेव्हा आई फोनवर म्हणाली, "एवढं शिकून वाटाड्या झालास?"

मी तिला चेक जावाची गोष्ट सांगितली. सिंगापूरच्या पुलाउ उबिन बेटाचं हे पूर्व टोक भराव घालून बुजवायचं ठरलं होतं. २००१ साली जीवशास्त्रज्ञांनी आणि स्वयंसेवकांनी तिथल्या जीवांची नोंद केली, ओहोटीला लोकांची रीघ लागली आणि डिसेंबरात सरकारने भराव पुढे ढकलला. लोकांनी पाहिलं, म्हणून किनारा वाचला.

पण तीच पावलं चिखलातले जीव तुडवतातही. आता २००७ पासून तिथे उंचावर बांधलेल्या वाटेवरून चालता येतं.

परवा एका फेरीत एका मुलाने विचारलं, "काका, घरटं कुठे आहे?" मला ठाऊक होतं. मागे चार-पाच कॅमेरे सज्ज होते. 'माहीत नाही' म्हणणं सोपं होतं. पण ज्या विद्येने मला खरं बोलायला शिकवलं, तिच्याशी ती प्रतारणा झाली असती. मी म्हणालो, "ठाऊक आहे, पण पिल्लं उडेपर्यंत सांगणार नाही."

तो हिरमुसला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे आपण हळू बोलू या."

आईला हेही कळवलंय. वाट दाखवणाऱ्याला कुठे थांबायचं, हेही दाखवावं लागतं.